कातड्याखालचे झाड

२०२५ च्या जून महिन्यात मिलानमधल्या एका फॅशन शोमध्ये प्रादा या इटालियन कंपनीने कोल्हापुरीसारख्या दिसणाऱ्या चपला मांडल्या आणि आपल्याकडे गदारोळ उठला. कोल्हापुरीला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्यात महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे येतात. कंपनीने पुढे भारतीय कारागिरीचे ऋण मान्य केले. त्या निमित्ताने वेणीवर, पट्ट्यावर, कानावर, अंगठ्यावर भरपूर लिहिले गेले. शिवणाऱ्या हातांची आठवण झाली, हे चांगलेच झाले.

पण चप्पल शिवायला बसण्यापूर्वी चामडे तयार असावे लागते, आणि चामडे तयार होण्यापूर्वी कातडे साफ व्हावे लागते. हे साफ करण्याचे काम शेकडो वर्षे एका उतरत्या, गोल पाठीच्या ओंडक्यावर होत आले. इंग्रजीत त्याला ‘बीम’ म्हणतात आणि कारखान्यांतून हाच शब्द आपल्याकडेही रुळला आहे. या लेखाचा विषय तो ओंडका आहे. तो कोणत्या लाकडाचा करावा, कसा घडवावा, त्याची उंची कोणी ठरवावी, हे प्रश्न क्षुल्लक वाटतील. पण एका साध्या अवजाराचे ज्ञान कोणाकडे होते, कोणी लिहून ठेवले आणि कोणाचे लिहिलेच गेले नाही, हा इतिहास या प्रश्नांमधूनच उलगडतो.

काम नेमके काय असते

जनावराच्या अंगावरून सोडवलेल्या कातड्याचे ढोबळमानाने तीन थर असतात. बाहेरचा केसांचा पातळ थर, मधला तंतूंचा दाट थर आणि आतल्या बाजूला चिकटलेले मांस, चरबी व पातळ पापुद्रे. चामडे होते ते फक्त मधल्या थराचे. हिरडा-बाभळीचा रस असो की क्रोमियमचे क्षार, कमावणारे द्रव्य या मधल्या थरात शिरून तंतूंना धरते आणि मग कातडे सडत नाही. चरबीतून मात्र हा रस जात नाही. ज्या ठिकाणी चरबीचा पट्टा राहून जातो, तिथे मधला भाग कच्चा राहतो. असे चामडे वरून चांगले दिसते, पण वाकवले की तडकते.

म्हणून कमावण्याआधी आतली बाजू खरवडून पूर्ण मोकळी करावी लागते. केस नको असतील तर कातडे आधी चुन्याच्या पाण्यात ठेवतात. चुन्याने केसांची मुळे सुटतात आणि कातडे फुगते. केसांसकट कातडे ठेवायचे असेल तर चुना वापरता येत नाही. मग मिठाचे कातडे पाण्यात मऊ करून तसेच खरवडतात. दोन्ही प्रकारांत हाताशी हवी असते एक लांब, दोन मुठींची, किंचित वाकलेली सुरी आणि कातड्याखाली पक्का आधार.

युरोपातल्या मांस काढण्याच्या सुरीला दोन धारा असत. आत वळलेली धार बोथट, सुटे मांस ढकलण्यासाठी. बाहेर वळलेली धार तीक्ष्ण, चिकटलेले पापुद्रे कापण्यासाठी. कामगार बीमच्या उंच टोकाशी उभा राहतो, कातड्याची कड आपले पोट आणि ओंडका यांच्यामध्ये दाबून धरतो आणि दोन्ही हातांनी सुरी खाली, स्वतःपासून दूर ढकलतो. कातडे धरायला तिसरा हात नसतो; पोट तेच काम करते. त्यामुळे बीम हे अवजार माणसाच्या शरीरासकटच पुरे होते. उभा माणूस काढून घेतला तर उरतो फक्त उतरता ओंडका.

ओंडक्याची निवड आणि घडण

पहिला प्रश्न आकाराचा. सपाट फळी का चालत नाही? सपाट फळीवर सुरी ठेवली की तिची पूर्ण लांबी कातड्याला एकदम टेकते. जोर सगळीकडे वाटला जातो, मांस निघत नाही आणि सुरीचे टोक जरा जरी कलले तरी कातड्यात रुतते. गोल पाठीवर सुरी मधल्या काही बोटांच्या रुंदीतच टेकते. जोर तिथे एकवटतो आणि टोके हवेत राहतात. सुरीचा बाक बीमच्या गोलाईपेक्षा उथळ असावा लागतो, तरच हे साधते. म्हणजे सुरी आणि बीम ही जोडीने घडवायची अवजारे आहेत.

दुसरा प्रश्न मापाचा. शेळी, मेंढी, हरीण अशा लहान कातड्यांना ६ ते ८ इंच व्यासाचा ओंडका पुरतो. गाय-म्हशीच्या जड कातड्याला एक ते दीड फूट रुंदीची, उथळ गोलाईची पाठ लागते, नाहीतर कातडे दोन्ही बाजूंनी घसरते. फार लहान जनावरांच्या, नळीसारख्या सोडवलेल्या कातड्यांसाठी टोकाकडे निमुळता होत गेलेला अरुंद बीम करतात, म्हणजे कातडे त्यावर मोज्यासारखे चढवता येते. लांबी साधारण ५ ते ६ फूट. साडेपाच फुटी बीमचे वरचे टोक जमिनीपासून तीन फुटांवर ठेवले तर उतार सुमारे ३३ अंशांचा येतो. उतार फार कमी असेल तर कामगाराला पुढे झोपावे लागते, फार जास्त असेल तर सुरीमागे अंगाचा भार देता येत नाही.

तिसरा प्रश्न लाकडाचा आणि इथे खरी पारख लागते. लाकूड सरळ रेषांचे, बिनगाठीचे हवे. गाठ आजूबाजूच्या लाकडापेक्षा कठीण असते. बाकीचा पृष्ठभाग झिजला की ती उंचवट्यासारखी वर येते, आणि कातड्याखाली उंचवटा म्हणजे सुरीला आमंत्रण. उंचवट्यावर ताणलेले कातडे आधी कापले जाते. अगदी ज्वारीच्या दाण्याएवढा खडा खाली राहिला तरी भोक पडते. केसांसकट कातडे खरवडताना केसांत अडकलेली कुसळे, गोखरू, सुकलेले शेण आधी काढावे लागते ते याचसाठी.

ओंडका पूर्ण गोल ठेवायचा की उभा चिरायचा? लाकूड वाळताना आक्रसते. पूर्ण गोल ओंडक्यात हा ताण बाहेरच्या बाजूला लांब भेगा पाडून मोकळा होतो. भेगेत कातड्याचा थर बसतो आणि वरून सुरी गेली की तिथे ओरखडा उमटतो. ओंडका उभा चिरून मधला गाभा मोकळा केला की हा ताण बराच कमी होतो. म्हणून चांगले बीम अर्धगोल, पाठीमागून पोकळ केलेले असत. त्यामुळे वजनही घटते. भेगा टाळायला ओंडक्याची दोन्ही टोके मेण किंवा घट्ट तेल लावून बंद करतात, कारण लाकडातले पाणी टोकांमधून सर्वांत लवकर उडते.

आपल्याकडच्या लाकडांचे गुणधर्म या कामाच्या कसोटीवर लावून पाहिले तर निवड सोपी नाही. आंबा सहज मिळतो, तासायला हलका, पण पाणी पितो, फुगतो आणि त्यावर खड्डे पडतात. साग पाण्यात टिकतो, सरळ मिळतो, पण महाग. जांभूळ पाण्यात न कुजण्याबद्दल प्रसिद्ध. विहिरीच्या बांधणीत ते वापरत. बाभूळ अत्यंत चिवट, गाडीच्या चाकाला आणि शेतीच्या अवजारांना तिचेच लाकूड, पण सरळ, बिनगाठीचा सहा फुटी तुकडा मिळणे कठीण.

बीमवर लोखंडी खिळा मात्र चालत नाही. ओले लोखंड आणि झाडातले टॅनिन एकत्र आले की निळा-काळा डाग पडतो. आपले पूर्वज हिरडा आणि हिराकस यांपासून शाई करत, त्यामागचे रसायन हेच. बीमवर डोके वर काढलेला खिळा पुढे कमावल्या जाणाऱ्या कातड्यावर न पुसणारी शाई सांडतो. म्हणून लाकडी खुंट्या, किंवा खिळा असलाच तर खालच्या बाजूने. नंतरच्या काळात लाकडावर जस्ताचा पत्रा चढवू लागले, तोही याच कारणाने: जस्त टॅनिनशी काळे होत नाही. आज हौशी लोक सहा इंची प्लॅस्टिकच्या पाइपवर हे काम करतात. गाठ नाही, भेग नाही, डाग नाही. लाकडात जे शोधावे लागत असे ते पाइपमध्ये आपोआप मिळते.

शेवटचा प्रश्न उंचीचा. बीमचे वरचे टोक कामगाराच्या कमरेच्या थोडे वर, पोटाला टेकेल असे हवे. माणसे सारख्या उंचीची नसतात, म्हणून बीमही सारखे असून चालत नाहीत. ज्याला दिवसभर त्यावर वाकायचे आहे त्याने उंची ठरवली तर पाठ टिकते. मालकाने एकाच मापाचे दहा बीम करून घेतले तर दहांपैकी बऱ्याच जणांची पाठ जाते.

बीम आणि चौकट

कातडे खरवडायला बीम हाच एकमेव मार्ग नव्हे. १५६८ साली फ्रँकफुर्टला छापलेल्या एका पुस्तकात योस्ट आमान या चित्रकाराने त्या काळच्या धंद्यांची लाकडी ठशांची चित्रे काढली आणि हान्स झाक्स या कवीने त्यांना पद्ये जोडली. त्यात चामडे कमावणारा बीमवर वाकलेला दिसतो, तर चर्मपत्र करणारा चौकटीत ताणलेल्या कातड्यावर चंद्रकोरीच्या आकाराची सुरी चालवताना दिसतो. एकाच पुस्तकात दोन पद्धती. चौकटीत कातड्याला आधार देतो चहूबाजूंचा ताण. बीमवर आधार देते खालचे लाकूड. लिहिण्यासाठी सपाट, ताठ कातडे हवे तिथे चौकट. जोडा, जीन, पट्टा यांसाठी मऊ, जाड चामडे हवे तिथे बीम.

उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांत झाडे विरळ. तिथले मूळ रहिवासी गव्याचे कातडे जमिनीवर खुंट्या मारून ताणत आणि शिंगाच्या मुठीच्या, वाशासारख्या वळलेल्या हत्याराने तासत. हे काम बहुतांशी बायका करत. त्याच खंडाच्या पूर्वेकडील जंगलांच्या प्रदेशात मात्र उत्खननांत हरणाच्या पायाच्या लांब हाडापासून केलेली, मधोमध खरवडून धार काढलेली हत्यारे सापडतात. दोन्ही टोके मुठीसारखी आणि मधला भाग वापराने चकचकीत झालेला. पुरातत्त्वज्ञ त्यांना ‘बीमर’ म्हणतात, म्हणजे बीमवर चालवायचे हत्यार. हाड शेकडो वर्षे मातीत टिकले, पण ज्या ओंडक्यावर ते चालले तो कुजून गेला. पाँपेईतल्या चामड्याच्या कारखान्याची गोल कुंडे आजही पाहता येतात, तीही दगड-चुन्याची म्हणूनच. लाकूड नाहीसे होते. उत्खननातून मिळणाऱ्या इतिहासात बीमला जागा मिळत नाही, त्यामागे त्याचे लाकूड असणे हे पहिले कारण आहे.

नावात उरलेले झाड

दुसरे कारण भाषेत दडले आहे. जुन्या इंग्रजीत ‘बीम’ या शब्दाचा मूळ अर्थ झाड असा होता. जर्मनमध्ये ‘बाउम’ म्हणजे आजही झाडच. जर्मन चर्मकार आपल्या ओंडक्याला ‘गेर्बरबाउम’, म्हणजे कमावणाऱ्याचे झाड म्हणत. फ्रेंचांना त्यात घोडा दिसला, म्हणून ‘शव्हाले’, लहान घोडा. कारखान्याच्या ज्या भागात भिजवणे, चुना देणे, केस व मांस काढणे चालते त्याला इंग्रजीत आजही ‘बीमहाउस’ म्हणतात. जर्मन त्याच भागाला पाण्याची कार्यशाळा म्हणतात, तर फ्रेंच लोक या कामाला नदीचे काम म्हणतात, कारण जुन्या शहरांत हे सगळे नदीकाठी चाले. एका भाषेने त्या जागेला झाडाचे नाव दिले, दुसऱ्या दोघींनी पाण्याचे. आज चेन्नईत किंवा कानपुरात बीमहाउसमध्ये काम करणाऱ्याने लाकडी बीम कदाचित पाहिलेलाही नसेल, पण तो रोज झाडाचे नाव घेतो.

हे ज्ञान लिहून ठेवणारे कोण होते, हे पाहणे उद्बोधक आहे. पॅरिसच्या विज्ञान अकादमीने अठराव्या शतकात कारागिरांच्या धंद्यांची वर्णने प्रसिद्ध करण्याचे मोठे काम हाती घेतले. त्यातला चामडे कमावण्यावरचा ग्रंथ १७६४ साली निघाला आणि तो लिहिला जेरोम लालांद यांनी. लालांद हे खगोलशास्त्रज्ञ. ताऱ्यांच्या नोंदींसाठी त्यांचे नाव आजही घेतले जाते. तेच गृहस्थ चर्मपत्र, साबर आणि जाड चामडे यांच्या कारखान्यांत जाऊन कोण काय करतो हे लिहीत होते. दिदरो यांच्या विश्वकोशाच्या चित्रफलकांतही चर्मकाराची अवजारे मापासह आली. पुढे इंग्लंडात लीड्स येथे चर्मविद्येचे पहिले प्राध्यापक एच. आर. प्रॉक्टर यांनी १८८५ साली कमावण्याचे पाठ्यपुस्तक लिहिले आणि बीम, सुरी, चुना यांना रसायनशास्त्राच्या शेजारी बसवले. युरोपातही चर्मकाराच्या धंद्याला दुर्गंधीमुळे शहराबाहेर हाकलत. पण त्याच्या अंगणात शिरून त्याची अवजारे मोजायला तिथल्या विद्वानाला विटाळ आडवा आला नाही.

आपल्याकडची वाटणी

महाराष्ट्रात हे काम जातींत विभागलेले होते. प्रदेशागणिक फरक असले तरी ढोबळ वाटणी अशी: मेलेले जनावर उचलण्याचे काम महारांकडे, कातडे कमावण्याचे ढोरांकडे, आणि वहाणा, मोटा, पखाली शिवण्याचे चांभारांकडे. ढोर समाज आपले नाते बाराव्या शतकातल्या शरण डोहर कक्कय्यांशी सांगतो. बसवण्णांच्या कल्याणमधल्या शरण मंडळात चामडे कमावणारे कक्कय्या आणि चपला शिवणारे हरळय्या दोघेही होते. म्हणजे या हातांना विचार आणि वाणी नव्हती असे नाही. आठशे वर्षांपूर्वी ते धर्माच्या चर्चेत बसत होते. पण त्यांच्या धंद्याचे ज्ञान कोणत्याही पोथीत गेले नाही. ते बापाकडून मुलाकडे, उंचीच्या आणि दाबाच्या भाषेत गेले.

कोल्हापूर भागातली जुनी कमावण्याची रीत या ज्ञानाची कसोटी पाहणारी आहे. चुन्यातून काढून साफ केलेले कातडे शिवून त्याची पिशवी करतात, ती टांगतात आणि आत बाभळीच्या सालीचा व हिरड्याचा रस भरतात. रस कातड्यातून हळूहळू पाझरतो आणि पाझरता पाझरता कातडे कमावले जाते. मग पिशवी उलटी करून पुन्हा भरतात. आता विचार करा: कातडे साफ करताना सुरीने एक बारीक काप पडला असेल तर या पिशवीतून तिथेच धार लागणार. चरबीचा पट्टा राहिला असेल तर रस तिथे अडणार. आधीच्या टप्प्यावर झालेली प्रत्येक हयगय ही पिशवी दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर मांडते. कोल्हापुरीचा तळ वर्षानुवर्षे टिकतो, तो आधी कोणीतरी कातड्यावर नीट हात चालवला होता म्हणून.

इंग्रजी राजवटीत प्रांतोप्रांती धंद्यांवर सरकारी पुस्तिका लिहिल्या गेल्या. मुंबई इलाख्याच्या चामड्याच्या धंद्यावरची जे. आर. मार्टिन यांची पुस्तिका १९०३ ची, आणि १९१० साली ए. गथ्री यांचा अहवाल आला. मद्रासेत त्याच दशकात आल्फ्रेड चॅटर्टन यांनी क्रोम कमावणीचे प्रयोग सुरू केले. ही पद्धत अमेरिकेत १८८४ साली ऑगस्टस शुल्ट्झ यांच्या पेटंटमधून पुढे आलेली. या लिखाणाचा वाचक सरकार आणि भांडवल असलेला व्यापारी होता. ज्याच्या पाठीवर हा धंदा उभा होता त्याला ते वाचता येणार नव्हते आणि त्याच्यासाठी ते लिहिलेलेही नव्हते.

दोन उत्तरे

१९२० आणि १९३० च्या दशकांत महाराष्ट्रातच या प्रश्नाला दोन उत्तरे दिली गेली. ती शेजारी ठेवून वाचल्याशिवाय या ओंडक्याचा अर्थ पुरा होत नाही.

पहिले उत्तर महाडचे. मार्च १९२७ च्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावरे ओढण्याचे आणि मृतमांस खाण्याचे सोडा, असे सांगितले. मुद्दा स्वच्छतेचा जेवढा होता त्याहून अधिक तो सक्तीचा होता. जे काम जन्माने गळ्यात पडते आणि ज्याच्यामुळे माणूस शिवून घेण्यालायक राहत नाही, ते काम कितीही उपयोगी असले तरी सोडणे हाच स्वाभिमान. ही कामे सोडल्याने कातडी, हाडे, शिंगे यांचे उत्पन्न बुडते, असा हिशेब कोणी एकाने केसरीत मांडला होता. एवढा फायदा असेल तर तुम्हीच उचला, अशा आशयाचे उत्तर आपण दिल्याची आठवण बाबासाहेबांनी १९५६ च्या ऑक्टोबरात नागपूरच्या भाषणात सांगितली.

दुसरे उत्तर वर्ध्याचे. १९३४ च्या सप्टेंबरात गांधीजींनी ‘हरिजन’मध्ये खेड्यातल्या चामड्याच्या धंद्यावर लेख लिहिला. दरवर्षी नऊ कोटी रुपयांचे कच्चे कातडे देशाबाहेर जाते, असा अंदाज त्यांनी दिला. मेलेले जनावर फरफटत नेल्याने कातडे खराब होते, हेही दाखवून दिले. या धंद्याने लाखोंना पिढीजात अस्पृश्यतेत ढकलले, आणि हे काम शास्त्र म्हणून शिकले गेले पाहिजे, हा लेखाचा रोख होता. त्याच वर्षअखेरीस वर्ध्यात अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ निघाला आणि १९३५ च्या सुमारास जवळच्याच नालवाडीला गोपाळराव वाळुंजकर यांनी चर्मालय उभारले. तिथे फक्त नैसर्गिक मरण आलेल्या जनावरांची कातडी घेत. कोकणात आप्पासाहेब पटवर्धनांनी मेलेल्या जनावरांची कातडी स्वतःच्या हाताने सोडवली आणि १९४८ साली कणकवलीला गोपुरी आश्रम काढला. ब्राह्मण घरातला पदवीधर हातात सुरी घेऊन जनावर सोडवतो, याचा त्या काळी केवढा धक्का बसला असेल ते सांगायला नको.

या दोन उत्तरांत कोणते बरोबर, असा वाद आपल्याकडे अजून होतो. मला वाटते, बीमपाशी उभे राहून पाहिले की वाद थोडा वेगळा दिसतो. वर्ध्याचे म्हणणे: ओंडका चांगला करा, उंची नीट ठेवा, चुन्याचे पाणी नीट वाहून न्या, काम शिकून करा, म्हणजे कामाला प्रतिष्ठा येईल. महाडचे म्हणणे: ओंडका कितीही चांगला केलात तरी त्यापुढे कोणी उभे राहायचे हे जात ठरवत असेल तोवर प्रतिष्ठा येणार नाही. गांधीजींच्या लोकांनी बीमकडे अवजार म्हणून पाहिले, बाबासाहेबांनी त्यापुढच्या जागेकडे पाहिले. अवजार सुधारता येते. जागा सुधारत नाही. ती सोडता येते किंवा खुली करता येते. नालवाडीच्या शाळेत कोणत्याही जातीच्या माणसाने शिकावे अशी अपेक्षा होती. पण सवर्णांची रांग काही तिथे लागली नाही, आणि ढोर-महारांच्या मुलांनी शाळा-कॉलेजची वाट धरली. लोकांनी आपल्या पायांनी दिलेला हा निकाल आहे.

यंत्र आले तेव्हा

मधल्या काळात खेड्यातल्या चामड्याची गिऱ्हाइकेही गेली. विहिरीवर मोटेऐवजी इंजिन आणि विजेचा पंप आला, पखालीऐवजी नळ आला. मुंबईत धारावीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चामडे कमावण्याचे कारखाने होते. शहर वाढले तसे ते हटले आणि पिशव्या-पट्टे शिवण्याचा धंदा तेवढा राहिला. १९४८ साली मद्रासेत केंद्रीय चर्म संशोधन संस्थेची पायाभरणी झाली आणि चर्मविद्या प्रयोगशाळेत गेली.

मोठ्या कारखान्यांत मांस काढण्याचे यंत्र आले. त्यात मळसूत्री पात्यांचा एक दंडगोल वेगाने फिरतो. पाती मधोमध विरुद्ध दिशांना वळलेली असतात, म्हणजे कातडे मधून बाहेर ताणले जाते. खालून कातड्याला आधार देतो रबराचा गुबगुबीत रूळ. नीट पाहिले तर हा रूळ म्हणजेच बीमची गोल पाठ. एक फरक मात्र आहे: रबर दबते, त्यामुळे खाली बारीक खडा राहिला तरी कातडे लगेच फाटत नाही. लाकडात गाठ आणि भेग हेरण्याची जी पारख लागे ती रबराने अनावश्यक केली. कामगाराच्या पोटाचे काम पकडीच्या रुळांनी घेतले. खरवडलेल्या मांसाचा सरस तेव्हाही होत असे, आताही होतो.

यंत्राने पाठदुखी कमी केली, हे निर्विवाद चांगले. जुना बीम परत यावा असे म्हणण्यात काही अर्थ नाही. चुन्याने कुजलेली बोटे, दिवसभर ओले अंग, आजारी जनावराच्या कातड्यातून लागणाऱ्या काळपुळीचे भय, हे त्या ओंडक्याबरोबर येत होते. ज्यांच्या घरात ते होऊन गेले त्यांना त्याचा कढ येण्याचे कारण नाही.

पण काम सोडणे आणि ज्ञान हरवणे या दोन गोष्टी एक नव्हेत. आपल्या वस्तुसंग्रहालयांत तलवारी, पालख्या, अडकित्ते, सोंगट्या आवडीने मांडतात. नांगर आणि जाते यांनाही आता जागा मिळू लागली आहे. कातड्याखालच्या ओंडक्याला तीच जागा देणे अवघड नाही. ढोर समाजातल्या वयस्क माणसांना भेटून चार गोष्टी विचाराव्यात: लाकूड कोणते घेत, गोलाई कशी तपासत, उंची कोणाच्या मापाने ठेवत, आणि काप पडला तर त्याचा भुर्दंड कोण सोसत असे. पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरे तंत्राच्या इतिहासात जातील. चौथ्याचे उत्तर समाजाच्या इतिहासात जाईल, आणि ते नोंदवताना सांगणाऱ्याचे नाव त्याच्या परवानगीने उत्तरापुढे लिहावे. लालांदने पॅरिसच्या चर्मकारांची अवजारे मोजली, पण मोजू देणाऱ्यांपैकी फारच थोड्यांची नावे आपल्यापर्यंत पोचली. आपल्याला उशीर झाला आहे. निदान ही उणीव तरी आपण ठेवू नये.